दुसरा डोस

२७ मार्च २०२१ ची सकाळ, भूतानची राजधानी थिंफू. धर्मगुरूंनी काढून दिलेला मुहूर्त साडेनऊचा होता. तिथल्या पंचांगातल्या वानरवर्षात जन्मलेल्या तीस वर्षांच्या एका बाईला वानरवर्षातच जन्मलेल्या आरोग्यसेविकेने कोविडची लस टोचली आणि देशाची मोहीम सुरू झाली. कुपीवर नाव होते कोविशिल्ड. ती आपल्या पुण्यात बनलेली. जानेवारीत दीड लाख आणि मार्चमध्ये चार लाख असे साडेपाच लाख डोस भारताने भूतानला भेट दिले होते, एक पैसाही न घेता. जेमतेम आठ लाख वस्तीच्या त्या डोंगराळ देशाने पुढच्या दोनेक आठवड्यांत पात्र प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना पहिला डोस देऊन टाकला. रस्ता नव्हता तिथे हेलिकॉप्टर गेले. काही वाड्यांवर आरोग्य कर्मचारी लशीचे खोके घेऊन बर्फातून चालत गेले. जगभर वाहवा झाली, आपल्यालाही अभिमान वाटला. मी पुण्याचा, मला जरा जास्तच वाटला.

दुसरा डोस बारा आठवड्यांनी द्यायचा होता. तो पुण्याहून गेला नाही. आपल्याकडे दुसरी लाट उसळली, लशींची निर्यात थांबली. जूनअखेरीस बारा आठवडे उलटले तरी भूतान वाटच पाहत होता. शेवटी अमेरिकेने पाच लाख डोस दिले, डेन्मार्कने अडीच लाख दिले, आणखी काही देशांनी हातभार लावला आणि २० जुलैला तिथली दुसरी फेरी सुरू झाली.

त्या एप्रिलमध्ये पुण्यात काय चालले होते ते मी पाहिले आहे. रेमडेसिविरसाठी औषधाच्या दुकानांपुढच्या रांगा, ऑक्सिजनच्या खाटेसाठी रात्री-अपरात्री फिरवलेले फोन, स्मशानभूमीबाहेर थांबलेल्या रुग्णवाहिका. तेव्हा लस देशाबाहेर पाठवायला हवी होती असे मी म्हणणार नाही. निवडून आलेले कोणतेही सरकार तसे करू शकले नसते. माझे दुखणे वेगळे आहे. ज्या लशीला दोन डोस लागतात तिचा पहिला डोस भेट द्यायचा, तर दुसऱ्याची तजवीज त्याच दिवशी करायला हवी. पहिल्या डोसची बातमी संसदेपासून चौकातल्या फ्लेक्सपर्यंत पोचली. दुसऱ्याबद्दल आपल्याकडे कोणी एक प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

भारत सरकार दुसऱ्या देशांना जी मदत करते तिच्याबद्दल मला जे म्हणायचे आहे, ते या दुसऱ्या डोसभोवतीच फिरते. आपण देतो, मनापासून देतो, संकटात पुष्कळदा सर्वांच्या आधी पोचतो. पण कबूल केलेले तडीला नेण्याची शिस्त आपल्याला अजून लागलेली नाही. ती लागावी म्हणून सरकारला जाब विचारण्याची सवय संसदेला नाही, वर्तमानपत्रांना नाही आणि आपल्यालाही नाही.

हा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा! मराठवाड्यात शेतकरी गळफास घेतोय, मेळघाटात पोरं कुपोषणाने जाताहेत आणि दिल्ली भूतान-मालदीवला कोट्यवधी वाटते, हे कशासाठी? असे विचारणाऱ्याला उडवून लावणे मला पटत नाही. त्याची कळकळ खरी आहे. फक्त आकडा त्याच्यापुढे ठेवावा लागतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात इतर देशांना मदत म्हणून सुमारे ५,४८३ कोटी रुपयांची तरतूद होती. त्यात भूतानचे २,१५० कोटी, नेपाळचे ७००, मालदीवचे ६००. त्याच अर्थसंकल्पातला एकूण खर्च होता ५० लाख ६५ हजार कोटी. म्हणजे सरकारने हजार रुपये खर्चले तर त्यातला एक रुपया आणि वर काही पैसे बाहेरच्यांसाठी गेले. मेळघाटातले मूल या एका रुपयापायी उपाशी राहिलेले नाही. उरलेल्या नऊशे नव्याण्णव रुपयांनी त्याच्यापर्यंत पोचायला हवे होते, ते पोचले नाहीत. त्याबद्दल भांडायचे तर तिथे भांडू, मीही बरोबर येतो.

श्रीमंत देशांचे मोजमाप वेगळे आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असे संयुक्त राष्ट्रांनी त्यांना १९७० साली सांगितले. बहुतेकांनी ते कधीच पाळले नाही. पाळणाऱ्या ब्रिटनने २०२१ मध्ये ते ०.५ वर आणले आणि २०२७ पर्यंत ०.३ वर नेण्याचे २०२५ मध्ये ठरवून टाकले. अमेरिकेने तर १ जुलै २०२५ रोजी आपली मदतसंस्था यूएसएड मिटवूनच टाकली. या घटना घडल्या तेव्हा 'आता भारताला संधी' असा सूर आपल्याकडे काहींनी लावला. मला तो रुचला नाही. चालू दवाखान्याचा औषधसाठा मध्येच बंद होतो तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या बाईचे काय होते, हे आधी बघावे.

आणि ते आपण बघू शकतो, कारण त्या रांगेत आपण उभे राहिलेलो आहोत. माझी आई १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. तेव्हा रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणा नसायचा. भाकरी थापायला घेतली की कडेने फाटायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. आई सांगते, "पोट भरायचं, पण ताटाकडं बघवत नसे." त्या धान्याने माणसे जगली हे ती कधी नाकारत नाही. पण मिलो हा शब्द तिच्या तोंडून येतो तेव्हा त्यात कृतज्ञतेइतकाच मिंधेपणाही असतो. शेताच्या बांधावर माजलेले गाजर गवत अमेरिकेच्या गव्हातून आले, असे आजही गावोगाव सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, पन्नास वर्षांनंतरही मदतीचा हिशेब लोक कसा मांडतात ते त्यातून कळते.

त्याआधीच्या दुष्काळात तर आणखी कडू अनुभव आला होता. १९६५ ते ६७ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन गव्हाची जहाजे एकेक करून सोडत. शेतीधोरण बदला, व्हिएतनामवर बोलताना जपून बोला, मग पुढचे जहाज. बंदराला जहाज लागेल तेव्हा इथली चूल पेटणार, अशी अवस्था होती. गहू आला, लाखो टनांनी आला. तरीही त्या पिढीच्या मनात राहिले ते अडवून धरलेले जहाज. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे किती जड जाते हे आपण तेव्हा शिकलो, आणि हरितक्रांतीमागे जी जिद्द होती तिच्यात त्या अपमानाचाही वाटा होता असे मला वाटते.

आणि मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट अशी, की त्याच काळात आपण देतही होतो. भूतानची पहिली पंचवार्षिक योजना १९६१ साली सुरू झाली, तिचा सगळा खर्च भारताने उचलला. नेपाळमध्ये काठमांडूला भारताच्या सीमेशी जोडणारा त्रिभुवन राजपथ त्याआधीच आपल्या अभियंत्यांनी डोंगर फोडून काढला होता. परदेशी अधिकाऱ्यांना, तंत्रज्ञांना इथे बोलावून फुकट शिकवण्याचा आयटेक हा कार्यक्रम १९६४ साली सुरू झाला, तो आजही चालू आहे आणि त्यात दीडशेहून अधिक देशांची माणसे शिकून गेली आहेत. स्वतः उसनवारीने धान्य आणणाऱ्या देशाने हे केले. त्यामागे चीनची धास्ती होती, शेजार सांभाळण्याचा हिशेब होता, हे कबूल. पण आपल्याला जे येते ते दुसऱ्याला शिकवू, ही भावनाही खरी होती. २००३ साली अर्थमंत्री जसवंत सिंह यांनी अर्थसंकल्पात जाहीर केले की छोट्या देशांकडून आता मदत घेणार नाही आणि गरीब देशांची आपल्याकडची काही कर्जे माफ करू. पुढच्याच वर्षी त्सुनामी आली. तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त झालेला असताना आपल्या नौदलाची जहाजे श्रीलंका आणि मालदीवला मदत घेऊन गेली.

घेण्याचा आणि देण्याचा असा दुहेरी अनुभव असलेले देश जगात फार नाहीत. म्हणून आपल्याकडून अपेक्षाही जास्त असायला हवी.

आता भूतानमधल्याच दोन धरणांकडे बघू. चुखा हा ३३६ मेगावॅटचा वीजप्रकल्प ऐंशीच्या दशकात उभा राहिला. साठ टक्के रक्कम अनुदान, चाळीस टक्के कर्ज, व्याज पाच टक्के. वीज आपण विकत घेतली, भूतानला कायमचे उत्पन्न मिळाले, दोघांचेही भले झाले. मदत कशी असावी याचा तो नमुना आहे. पुनात्सांगछू-१ हा १,२०० मेगावॅटचा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. तोवर अटी बदलल्या होत्या. अनुदान चाळीस टक्क्यांवर आले, कर्ज साठ टक्क्यांवर गेले, व्याज दहा टक्के. २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजवा डोंगर घसरायला लागला, काम अडले, मग थांबले. मुख्य धरणाचे काम पुन्हा सुरू करण्यावर दोन्ही सरकारांचे एकमत झाले ते थेट नोव्हेंबर २०२५ मध्ये.

धरण रखडणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता, पुढे तो हजारो कोटींत गेला आणि विदर्भातली एक पिढी कालव्यात पाणी येईल म्हणून वाट बघत म्हातारी झाली. पण गोसीखुर्दचा भार आपल्याच तिजोरीवर पडला. पुनात्सांगछूच्या प्रत्येक रखडलेल्या वर्षाचे व्याज भूतानच्या नावावर चढते. आज त्या देशाच्या बाहेरच्या कर्जात सर्वांत मोठा वाटा जलविद्युत प्रकल्पांचा आहे. डोंगर खचला हा निसर्ग झाला. जागा निवडताना, भूगर्भाचा अभ्यास करताना, अटी ठरवताना कोणाचे काय चुकले, याची जाहीर चौकशी भारताच्या संसदेत व्हायला हवी, कारण यात पैसा आणि तंत्रज्ञान भारताचे आहे. आपण ज्याला मदत म्हणतो ते समोरच्याच्या वहीत कर्ज म्हणून लिहिले जाते, ही गोष्ट मराठी वाचकाला चटकन कळावी. खताच्या दुकानदाराचे उधार ज्याच्या घरात राहिले आहे त्याला तर नक्कीच.

म्यानमारमधला कलादान प्रकल्पही २००८ चाच. कोलकात्याहून समुद्रमार्गे सितवे, तिथून नदीने आणि पुढे रस्त्याने मिझोराम, अशी ती आखणी. सितवे बंदरात पहिले जहाज लागले मे २०२३ मध्ये आणि रस्ता अजूनही पुरा नाही. तिथल्या यादवी युद्धाने काम अवघड केले हे खरे, पण ते पेटण्याआधीही बारा वर्षे हातात होती.

नेपाळचा अनुभव मला वेगळा आणि जास्त बोलका वाटतो. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर काही तासांत आपली विमाने काठमांडूत उतरली. फेरउभारणीसाठी आपण एक अब्ज डॉलर कबूल केले. गोरखा आणि नुवाकोट जिल्ह्यांतल्या पन्नास हजार घरांना पैसे देऊ म्हटले, आणि ती घरे उभी राहिली, वेळ लागला पण राहिली. मात्र भूकंपाच्याच वर्षी, सप्टेंबरात, राज्यघटनेच्या वादातून सीमेवरची वाहतूक ठप्प झाली. नेपाळी जनता त्याला आजही भारताची नाकेबंदी म्हणते. भारताने ते कायम नाकारले, नेपाळच्या तराईतल्या मधेसी आंदोलकांनी रस्ता अडवला असे सांगितले. कारण काहीही असो, ऐन हिवाळ्यात गॅसची टाकी मिळेना, औषधे मिळेनात, आणि भूकंपात घर गेलेली माणसे पत्र्याखाली कुडकुडत होती. पन्नास हजार घरे एका बाजूला आणि ते चार-पाच महिने दुसऱ्या बाजूला. काठमांडूच्या टॅक्सीवाल्याला यातले काय जास्त आठवते? मिलोची गोष्ट माहीत असलेल्याला ते विचारावे लागणार नाही.

मदतीचा दुसरा, आणि रकमेने फार मोठा, प्रवाह मुंबईतून वाहतो. कफ परेडला एक्झिम बँकेचे मुख्यालय आहे. सरकारच्या वतीने ती आफ्रिका-आशियातल्या देशांना सवलतीची कर्जे देते. अट अशी, की साधारणपणे पाऊणएक माल आणि सेवा भारतातूनच घ्यायच्या. यातही गैर काही नाही, सगळे देश हेच करतात. प्रश्न येतो तो कामाच्या दर्जाचा आणि वेळेचा. इथिओपियाला साखर कारखान्यांसाठी २००७ मध्ये ६४ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. त्यातला तेंडाहोचा कारखाना वर्षानुवर्षे रखडला. ऊस आणि कारखाना यांची वेळ जुळली नाही तर काय होते, हे सांगलीपासून लातूरपर्यंत कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. साखर कारखाना उभा करण्यात आणि बुडवण्यातही महाराष्ट्राने जेवढे अनुभव घेतले तेवढे जगात फार थोड्या प्रदेशांनी घेतले असतील. कारखाना सभासदांचा कसा ठेवायचा, तोडणी-वाहतुकीची घडी कशी बसवायची, हे शिकवणारी आपली माणसे तिथे यंत्रांच्या आधी जायला हवी होती. आपण यंत्रे विकली.

काय करता येते याचे उत्तम उदाहरण श्रीलंकेत आहे. आपल्या १०८ च्या धर्तीवर तिथे 'सुवसेरिया' नावाची मोफत रुग्णवाहिका सेवा आहे, फोन क्रमांक १९९०. भारताने सुमारे ७६ लाख डॉलरचे अनुदान दिले, हैदराबादला तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवले आणि जुलै २०१६ मध्ये पश्चिम व दक्षिण प्रांतांत ८८ गाड्या सुरू झाल्या. सुरुवातीला तिकडे विरोध झाला, रुग्णवाहिकेच्या आडून भारत हेरगिरी करेल असेही म्हटले गेले. पण पहाटे तीनला फोन केल्यावर गाडी दारात येते हे लोकांनी पाहिले आणि विरोध विरघळला. पुढे ती सेवा देशभर गेली. आज ती श्रीलंकेचे स्वतःचे प्रतिष्ठान चालवते. २०२२ मध्ये तो देश दिवाळखोरीत गेला तेव्हा आपण उधारी आणि चलनाच्या रूपाने जवळपास चार अब्ज डॉलरचा टेकू दिला, तोही मोलाचा होता. पण त्या ७६ लाख डॉलरमधून जे उभे राहिले ते मला मोठे वाटते, कारण त्यात पैसा कमी आणि आपल्याला जमलेली गोष्ट दुसऱ्याला नीट शिकवणे जास्त आहे. मुख्य म्हणजे काम अर्धवट टाकलेले नाही.

अर्धवट टाकण्याचे एक उदाहरण मी फार जवळून पाहिले. कोंढव्यात आमच्या शेजारच्या इमारतीत तीन अफगाण मुले भाड्याने राहत होती. पुण्यात अफगाण विद्यार्थी पुष्कळ, त्यांतले अनेक भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलेले. यांच्यातला एक टाळेबंदीत कॉलेज बंद झाले म्हणून घरी हेरातला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले आणि काही दिवसांत भारताने अफगाणांना आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द केले. त्याच्यासारखे शेकडो विद्यार्थी अडकले. त्याची एम.कॉम.ची दोन सत्रे राहिली होती. घरमालकीण बाईंनी त्याची ट्रंक माळ्यावर ठेवून घेतली. तिच्यात पुस्तके, एक कुकर आणि लोकरी कोट होता. "येईल की पोरगं, टाकून कशाला द्यायचं?" असे त्या म्हणायच्या. खोलीतले दुसरे दोघे काही महिने त्याच्या वाट्याचे भाडे भरत राहिले, मग त्यांनाही झेपेना.

सुरक्षेची चिंता खोटी नव्हती. पण आधीच पडताळणी होऊन इथे दोन-तीन वर्षे राहिलेला विद्यार्थी आणि अनोळखी प्रवासी यांत फरक करता आला असता. अफगाणिस्तानात आपण सुमारे तीन अब्ज डॉलर घातले. हेरात प्रांतातले सलमा धरण, झरंज-देलारामचा २१८ किलोमीटरचा रस्ता, काबूलचे संसद भवन. सत्ता बदलल्यावर धान्यही थांबवले नाही. पन्नास हजार टन गहू कबूल केला आणि पाकिस्तानातून वाट मिळवून तो फेब्रुवारी २०२२ पासून पाठवला. म्हणजे मनावर घेतले की अवघड शब्दही आपण पाळतो. एका मुलाची दोन सत्रे पुरी करणे त्या गव्हापेक्षा अवघड नव्हते.

हे सगळे सुधारायचे तर कुठून सुरुवात करावी? २००७ च्या अर्थसंकल्पात परदेशी मदतीसाठी स्वतंत्र संस्था काढण्याचा प्रस्ताव अर्थमंत्री चिदंबरम यांनी मांडला होता. ती निघाली नाही. २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात एक स्वतंत्र विभाग झाला, तो काम करतो. पण अनुदान मंत्रालयाच्या खात्यात, कर्जे एक्झिम बँकेत, शिष्यवृत्त्या तिसरीकडे, अशी पांगापांग कायम आहे. मला नवी इमारत आणि नवा महासंचालक यांची घाई नाही. मला एक तक्ता हवा आहे. दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर तो संसदेत ठेवावा. कोणत्या देशाला, कोणत्या कामासाठी, केव्हा शब्द दिला, किती पैसे गेले, काम कुठवर आले, उशिराचे व्याज कोणावर पडले आणि ज्यांच्यासाठी काम होते ती माणसे त्याबद्दल काय म्हणतात. शेवटचा रकाना सर्वांत अवघड आहे आणि मी त्यासाठीच आग्रह धरतो. आमच्या गावात ग्रामसभेत सरपंचाला पाणीयोजनेचा हिशेब वाचून दाखवावा लागतो. देशाने दिलेल्या शब्दाचा हिशेब वाचून दाखवायला हरकत नसावी.

भूतानच्या तेराव्या पंचवार्षिक योजनेसाठी भारताने २०२४ मध्ये १०,००० कोटी रुपये कबूल केले आहेत, मुदत २०२९ पर्यंत. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. त्यांच्यापैकी एकाने पुढच्या अधिवेशनात विचारावे: या दहा हजारांपैकी आजवर किती पोचले, कोणत्या कामांवर लागले, आणि पुनात्सांगछू-१ चे पाणी टर्बाइनवर केव्हा पडणार. माझ्या मतदारसंघाच्या खासदारांना मी हे पत्र लिहून पाठवले आहे. उत्तर आले की इथे मांडीन.